कार्डावरचा पहिला मान

चिपळूणला माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, पावतीपुस्तकं आणि व्हिजिटिंग कार्डं. चाळीस वर्षं मी लोकांची नावं छापतोय. कुणाला ‘श्री.’ लावायचं, कुणाला ‘चि.’, कुणाला वर बसवायचं आणि कुणाला खाली ‘आपले नम्र’मध्ये ढकलायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. असल्या माणसाला सख्ख्या बहिणीनं फोन करून म्हणावं, “दादा, आठवडाभर ये ना इकडे, मला एक कार्ड करून दे, पण छापायचं नाहीये,” म्हणजे आचाऱ्याला बोलवायचं आणि चूल पेटवू नको म्हणायचं. मी म्हटलं, “मग मी येऊन करू काय?” तर म्हणाली, “नावं तपास. आणि हुरडा खा.”

हुरड्यासाठी गेलो, हे आधीच कबूल करून टाकतो. आपल्या कोकणातली माणसं काशीला जाऊन येतील, पण मराठवाड्यात जा म्हटलं की त्यांना काही ना काही काम निघतं. अशांसाठीच हे लिहितोय. कुंभार्ली घाट चढलो आणि दुसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरला उतरलो. मधलं जे काय झालं ते माझ्या कंबरेत आणि माझ्यात राहू द्या.

बुधवार, वैजूचं घर

वैजू माझी धाकटी बहीण. तिचा नवरा दिलीप वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. घर शहरात, पण मूळ माणसं शेतकरी. वेरूळच्या अलीकडे एका खेड्यात त्यांची जमीन आहे, आणि तिथे वैजूचे सासरे, आप्पा, एकटे आणि मजेत राहतात.

वैजू एका शाळेत इतिहास शिकवायची. पन्नाशीला टेकता टेकता बाईंच्या डोक्यात आलं की आपण वेरूळच्या लेण्यांची गाइड व्हायचं. प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, ओळखपत्र मिळवलं, आणि शाळेतून बिनपगारी रजा काढून लेण्यांच्या गेटवर जाऊन उभी राहिली. अडचण एवढीच, की तिथे वर्षानुवर्षं उभे राहणारे गाइड आहेत. सहलवाले त्यांना नावानं ओळखतात, हॉटेलवाले त्यांनाच फोन लावतात. वैजूच्या वाट्याला यायचे ते उरलेले, घाईतले, ‘ताई, फक्त कैलास दाखवा, गाडी सुरूच आहे’ म्हणणारे. सहा महिन्यांत तिचं नाव विचारत एकही गट आला नव्हता.

आणि मी गेलो त्याच आठवड्यात शाळेच्या मोठ्या बाईंचा निरोप आला होता. सोमवारी येऊन काय ते सांगा, परत येणार असाल तर तुमची जागा तुमचीच आहे, नसाल तर दुसरीला देते. बाई काही वाईट बोलल्या नव्हत्या. उलट इतके दिवस थांबल्या हेच खूप.

“मला एक गट मिळू दे,” वैजू मला धपाटी वाढता वाढता म्हणाली. “माझं नाव घेऊन आलेला. एकच. मग मी शाळेला काय ते सांगते.”

धपाटी म्हणजे ज्वारीच्या पिठाची, मिरची-लसूण घातलेली पातळ भाकरीच म्हणा, बरोबर दही. आपण तांदळाची घावनं खातो तशी ही मंडळी सकाळी सकाळी हे खातात आणि दुपारपर्यंत भुकेचं नाव काढत नाहीत. मी चार खाल्ली. वैजूचं बोलणं गंभीर होतं, पण धपाटी गार होऊ द्यायची नसतात.

आशा होती ती नाशिकच्या बायकांवर. वैजूच्या जुन्या मैत्रिणीच्या ओळखीत कुणी निर्मलाताई होत्या. त्यांचा सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांचा एक गट, वीसेक जणी, रविवारी वेरूळला यायचं ठरवत होता. मैत्रीण म्हणाली होती, “तुझं कार्ड पाठव, मी त्यांच्याकडे सरकवते, त्या तुला फोन करतील.” म्हणून हे मोबाइलवरचं कार्ड. बोट लावलं की उघडतं, त्यात फोटो, नाव, काम, नंबर, नकाशा, सगळं. न छापता.

गुरुवार, सकाळी पलंगावर आणि दुपारी गुलमंडीत

कार्ड पलंगावर बसून तयार झालं. दिलीपनं रजा टाकली होती. मोबाइलवर एक साइट उघडून तो एकेक रकाना भरत होता, मी चष्मा लावून शेजारी, वैजू समोर मटार सोलत.

नाव भरलं, ‘वैजयंती दिलीप’. फोटो लावला. खाली ‘वेरूळ लेणी, अधिकृत मार्गदर्शक’. छान दिसत होतं. मग दिलीप जरा थांबला, मान खाजवली आणि म्हणाला, “दादा, आप्पांचं नाव कुठंच नाय.”

“त्यांचं काय काम?” वैजूनं विचारलं.

“काम नाय गं. पण गावातली लोकं उघडून बघणार. सुनेनं कार्ड काढलं आन् सासऱ्याचं नावबी नाय, असं म्हणतील. लग्नाच्या पत्रिकेत कसं, घरातल्या मोठ्याचं नाव वर असतंय.”

वैजूनं माझ्याकडे पाहिलं. खरं म्हणजे मी ‘हे व्हिजिटिंग कार्ड आहे, पत्रिका नव्हे’ असं म्हणायला हवं होतं. पण चाळीस वर्षांची सवय. मानाचा क्रम म्हटला की माझी मान आपोआप हलते. मी म्हटलं, “बरोबर आहे जावईबापूंचं. मोठ्यांचं नाव वर. आणि ज्याचं नाव वर, त्याचा नंबर वर.” झालं. ‘आप्पांच्या आशीर्वादाने’ अशी ओळ सगळ्यांत वर आली, नंबरांच्या रकान्यांत पहिला आप्पांचा, दुसरा वैजूचा. कागदावर जागा मोजून मिळते. इथे जागाच जागा, म्हणून मी खूश होऊन दोन ओळी अजून घालायला सांगितल्या.

मग मी मुद्रितशोधन केलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा उलट्या बाजूनं. एक वेलांटी ऱ्हस्व होती, ती दीर्घ केली. ‘लेणी’वर अनुस्वार घुसला होता, तो काढला. एकही चूक नाही अशी खात्री झाली तेव्हा दिलीपला म्हटलं, “सोड.” त्यानं मैत्रिणीला पाठवलं, गावच्या ग्रुपवर टाकलं, कारखान्यातल्या ग्रुपवर टाकलं, आणि आणखी कुठे कुठे गेलं ते देवाला ठाऊक. आपल्याकडे पत्रिका वाटायला पंधरवडा लागतो. इथे मटार सोलून व्हायच्या आत वाटून झाल्या.

दुपारी वैजू मला गुलमंडीत घेऊन गेली. जुन्या शहरातला बाजार. कापडाची दुकानं, भांडी, बांगड्या, आणि मधून स्कूटरवाल्यांची अशी ये-जा की मी दोनदा एका साडीच्या दुकानात शिरून जीव वाचवला. दुकानदारानं दोन्ही वेळा प्रेमानं विचारलं, काय दाखवू. आपल्या बाजारात बारा वाजले की शटर खाली, माणूस जेवून झोपतो. इथे भर दुपारी चहा मागवून गिऱ्हाइकाशी गप्पा चालू.

तिथल्या एका गल्लीत शफीभाईंचं छपाईचं दुकान. वैजूला गळ्यात घालायचा एक बिल्ला हवा होता, त्यावर ते काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं चित्र, ज्यासमोर मोबाइल धरला की कार्ड उघडतं. मी शफीभाईंना सांगितलं की मीही छपाईवाला आहे, तसं त्यांनी लगेच स्टूल पुसून दिलं.

“चाचा, अब कार्डां कौन छपवाता?” ते म्हणाले. “लोगां आते, बोलते कोड छाप दो. शादी का कोड, दुकान का कोड. कल एक बंदा आया, म्हैस बेचने का कोड मांगता था.”

“तो तुमकू वाईट नहीं लगता?” मी माझ्या चिपळुणी हिंदीत विचारलं.

“नक्को चाचा. छापना तो छापनाच है ना.” त्यांनी मशीनमधून बिल्ला काढला, वैजूच्या हातात दिला आणि म्हणाले, “बहनजी, पहला गिराइक मैं. मेरे बच्चों कू वेरूळ दिखाना है.” त्यांनी मोबाइल धरला, कार्ड उघडलं, सेव्ह केलं. वैजू एवढी खुलली की आम्हाला दोघांना तिथल्या हलवायाकडची गरम इमरती खायला घातली. आपल्या जिलबीची ही थोरली बहीण, उडदाची, पाकानं टच्च भरलेली. शर्टावर पाक सांडला. तो डाग अजून आहे.

शुक्रवार, शनिवार

फोन आला नाही.

शुक्रवारी वैजूनं मला बीबी का मकबरा दाखवला. म्हणजे माझ्यावर सराव केला. एकटा प्रवासी मी, पण ती पन्नास जणांना सांगावं तशी हात करून सांगत होती. सांगते छान, अगदी छान. लहानपणी हीच आमच्या पडवीत तुळशीपुढे उभी राहून चुलत भावंडांना शाळा शाळा शिकवायची आणि मी पळून जायचो. या वेळी पळालो नाही. पण दर पाच मिनिटांनी ती बोलता बोलता पर्समध्ये हात घालायची, फोन बघायची आणि परत ठेवायची.

दुपारी तिनं मला नान खलिया खाऊ घातला. मटणाचा पातळ, तिखट, लालभडक रस्सा आणि बरोबर केशरी रंगाची मऊ नान. मी विचारलं, “यात खोबरं किती?” वाढणाऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चहात मीठ मागितलंय. मटणात ओलं खोबरं नाही, ही गोष्ट आमच्या आळीत सांगितली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी मात्र बोटं चाटून खाल्लं, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते मसाल्याचं आहे असं सांगितलं, जे खरंच होतं.

वैजूनं अर्धी नान तशीच ठेवली.

“त्या मैत्रिणीला विचार ना, निर्मलाताईंचं काय झालं,” मी म्हटलं.

“नाही विचारणार. दोनदा विचारलं की माणूस गरजू दिसतो.”

“अगं पण आहेसच ना गरजू.”

“म्हणून तर दिसायचं नाही.” मग ती म्हणाली, “दादा, मी सगळ्यांना सांगते, शाळेत परत जावं लागलं तर मला काही वाटणार नाही. खोटं सांगते मी. मला लई वाईट वाटेल.”

एवढ्या वर्षांत तिच्या तोंडात ते ‘लई’ बसलंय. मी तिची उरलेली नान खाल्ली. रागावली नाही, उलट हसली, पण डोळे काही हसत नव्हते.

शनिवारी आम्ही कुठेच गेलो नाही. फोन चार्जिंगला लावलेला, आवाज पूर्ण वाढवलेला, आणि वाजला तेव्हा गॅसवाल्याचा होता. रात्रीच्या जेवणाला येसराची आमटी होती, भाजलेल्या धान्य-डाळींची, झणझणीत, तोंडाला चव आणणारी. आमटीबद्दल मला अजून पानभर लिहिता येईल. पण ताटावर कुणी काही बोलत नव्हतं, म्हणून मीही इथे गप्प बसतो.

रविवार, आप्पांचं शेत

सकाळी दिलीपच्या गाडीतून निघालो. दौलताबादची जुनी वेस लागते, त्या दगडी कमानीतून एका वेळी एकच गाडी जाते, आणि आपली गाडी आधी जावी असं दोन्ही बाजूंच्या प्रत्येकाला वाटत असतं. त्या खोळंब्यात पेरू विकणाऱ्या बायका काचेवर टकटक करतात. मी पेरू घेतले, मीठ-तिखट लावून. मागच्या सीटवर वैजू म्हणाली, “उद्या शाळेत जाऊन ‘परत येते’ म्हणून सांगते.” पेरूचा घास माझ्या तोंडातच राहिला.

घाट चढून वर आलं की रान उघडं पडतं. आमच्याकडे कुठेही उभं राहा, पन्नास पावलांवर झाड नाहीतर डोंगर आडवा येतो. इथे नजर जाते ती जातच राहते. काळी जमीन, उभी ज्वारी, आणि मधेच एखादं कडुलिंबाचं झाड.

आप्पा बांधावर उभे होते. धोतर, बंडी, टोपी, पंचाहत्तरीचा ताठ माणूस. खिशात बटणांचा छोटा फोन. “या पाव्हणं,” म्हणाले. “कोकणातून आलाव, लई लांबून आलाव.”

शेतात आगटी, म्हणजे हुरड्याची शेकोटी, पेटली होती. हुरडा म्हणजे ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायची, हातावर चोळायची आणि हिरवे गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर खायचे. पण मला खटकलं ते वेगळंच. आगट्या तीन होत्या. कणसांचा ढीग माझ्या गुडघ्याएवढा. चटई नव्हे, सतरंज्या अंथरलेल्या.

“आप्पा, एवढा हुरडा कुणासाठी?” वैजूनं विचारलं.

“का बरं? तुह्या पाव्हण्यांसाठी. त्या नाशकाच्या बायांसाठी.”

वैजू जागच्या जागी उभी राहिली.

“आगं, त्या निर्मलाबाई. गुरुवारच्या रातीच फोन आल्ता. म्हणल्या, रयवारी लेण्या बघायला यायलोत. म्हणलं, बघा की, पण आधी शेतावर या, खा-प्या, मंग लेण्या. उपाशी पोटी कुठं दगडं बघावं माणसानं? फाट्यावर माणूस ठिवलाय. येतील आता.”

“आप्पा, फोन तुम्हाला आला?”

“येऊच लागलेत ना, तवापासून. एक अमरावतीचे डॉक्टर व्हते, त्यांच्या बायकोचं माहेर आपल्या कन्नडचं निघालं. त्यांना म्हणलं, फुडल्या रयवारी या. एक सहलवाला म्हणला, एका तासात समदं उरका. त्याला म्हणलं, बाबा, तू येऊच नको, घरी बसून चित्रं बघ. एक कोण हिंदीत बोलत व्हता, लेकरांना वेरूळ दाखवायचंय म्हणला, आवाज गोड व्हता, त्याला हो म्हणलंय.”

मी वैजूच्या हातातला मोबाइल घेतला. कार्ड उघडलं. तळाला हिरवं बटण होतं, ‘फोन करा’. तीन वेळा मुद्रितशोधन करताना हे बटण मी पाहिलं होतं, त्यावरचं अक्षर तपासलं होतं, ते दाबून मात्र पाहिलं नव्हतं. छापलेल्या कार्डावर दाबायला काही नसतं ना. आता दाबलं. माझ्यापासून चार हातांवर आप्पांच्या खिशात फोन वाजला.

आप्पांनी तो काढला, कानाला लावला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “हॅलो. कोण बोलतंय? गाव कुठलं?”

“चिपळूण,” मी म्हटलं.

दिलीप हसत खाली बसला. वैजू हसली नाही. “आप्पा, मी तीन दिवस फोन उशाशी घेऊन झोपतेय,” ती म्हणाली. “मला वाटलं, मला कुणी विचारतच नाही. मी उद्या शाळेत परत जाणार होते. आणि सगळे फोन तुमच्या खिशात. मला एकदा सांगायचं तरी.”

आप्पा गोंधळले. “पोरी, दिलपूनं सांगितलं, कार्डावर पयला मान तुमचा. मान घेतला म्हणल्यावर जिम्मा आला का नाय? फोन आला तर मी उचलू नको? लोकं कशी हायत, कुठली हायत, इचारून घिऊ नको? सुनबाईला कुणाबीसंगं पाठवायचं व्हय? आन् आज तू येणारच व्हतीस, म्हणलं तोंडीच सांगू.”

त्यांचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. चुकलो होतो आम्ही, आणि आमच्यात सगळ्यांत जास्त मी. तसं मी बोलून दाखवलं. मग तिथेच आगटीशेजारी बसून दिलीपनं रकाने बदलले, वैजूचा नंबर पहिला केला. आप्पा म्हणाले, “करा की, मला काय त्याचं.” पण फोन खिशात घालताना त्यांनी तो दोनदा चाचपला. माणसाला तीन दिवस महत्त्व आलं होतं आणि ते आम्ही चौथ्या दिवशी काढून घेत होतो. मला वाईट वाटलं, खरंच.

एवढ्यात बस आली. तिच्यातून नाशिकच्या बावीस जणी टोप्या आणि गॉगल लावून उतरल्या, आणि सगळ्यांत पुढे निर्मलाताई, आवाज आपल्या बंदरावरच्या कोळणीला शोभावा असा. “आप्पा कोण? तुम्ही? अहो, फोनवर तुम्ही चाळिशीचे वाटला होतात,” म्हणाल्या. आप्पा लाजले. पंचाहत्तरीचा माणूस लाजलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग हुरडा चोळायला त्या बायका अशा बसल्या, की तासाभरात माझ्या गुडघ्याएवढा ढीग संपला आणि आप्पांना पुन्हा ज्वारीत शिरावं लागलं.

वेरूळ

लेण्यांच्या गेटवर आमची वरात बघण्यासारखी होती. पुढे गळ्यात बिल्ला घातलेली वैजू, मागे बावीस बायका, त्यांच्यामागे मी आणि दिलीप, आणि सगळ्यांत शेवटी आप्पा. निर्मलाताईंनी त्यांना सोडलंच नव्हतं. जुने गाइड चहा पिता पिता वळून बघत होते. आप्पा पोरवयात इथे गुरं घेऊन यायचे, पाऊस आला की लेण्यात बसायचे. पण कुणी सांगतंय आणि आपण ऐकतोय, असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

कैलास लेण्याचं वर्णन मी करणार नाही. ते जाऊनच बघा. एवढंच सांगतो, की अख्खं देऊळ वरून खाली कोरत आणलंय. आधी कळस, मग खांब, मग जोतं. वैजूनं सांगितलं, “यात चूक करायची सोयच नव्हती. तुटलेला दगड परत चिकटत नाही.” चाळीस वर्षं चुका सुधारून पोट भरणाऱ्या मला ते ऐकून घाम फुटला.

मग ती सगळ्यांना रावणाच्या शिल्पापाशी घेऊन गेली. रावण खालून कैलास हलवतोय, पार्वती घाबरून शंकराचा हात धरतेय. “सगळे इथं पार्वतीकडं बघतात,” वैजू म्हणाली. “तुम्ही तिच्या मागं बघा. ती पळणारी दासी. डोंगर हलला, देव बसलेत, आणि ही बाई म्हणतेय, तुमचं तुम्ही बघा, मी निघाले.” बायका खळखळून हसल्या. मग कुणीतरी म्हणालं, “म्हणजे इतक्या गडबडीतही त्या कारागिराला ती दिसली.” आणि सगळ्या पुन्हा त्या दासीकडे बघू लागल्या. वैजूनं ते तिथेच सोडलं. तिला कधी थांबायचं ते कळतं.

आप्पा खांबाला टेकून ऐकत होते, हात मागे बांधलेले.

पुढे ज्या लेण्याला गावातली माणसं सुतार झोपडी म्हणतात तिथे गेलो. आत छताला लाकडी छपराला असाव्यात तशा कमानदार तुळया दगडातच कोरल्या आहेत. निर्मलाताईंनी आप्पांना विचारलं, “आप्पा, तुम्ही तर इथलेच. दगडात या लाकडी छपराच्या तुळया कशाला हो केल्या?”

आप्पांनी वर बघितलं. पोरवयात कितीदा त्या छताखाली बसलेला माणूस. “मला नाय ठावं,” म्हणाले. “तिला इचारा. तिला समदं ठावं हाय.”

वैजूनं सांगितलं की आधी अशी सभागृहं खरोखरच्या लाकडाची होती, आणि दगडात करायची वेळ आली तरी हातांना ते वळण सुटलं नाही. मी मनात म्हटलं, बरोबर. माझ्या हातांनाही सुटत नाही.

ऊन कललं तेव्हा बाहेर आलो. नाशिकच्या बायकांनी वैजूबरोबर एकेकीनं फोटो काढला, तिच्या बिल्ल्यासमोर मोबाइल धरले आणि बस हलली. आम्ही चौघं टपरीवर चहा घेत होतो. वैजू दमून बाकावर टेकली होती. नुसती हसत होती.

आप्पांचा फोन वाजला. कार्ड आम्ही दुरुस्त केलं होतं खरं, पण तीन दिवसांत ज्यांनी नंबर सेव्ह केला, त्यांच्याकडे अजून आप्पाच पहिले होते.

“हॅलो. हां. व्हय. लेण्या बघायच्यात?” आप्पांनी विचारलं. “गाव कुठलं तुमचं?” आणि एवढं बोलून ते मध्येच थांबले. फोन कानावरून थोडा बाजूला केला, पुन्हा लावला. “थांबा. मी सासरा बोलतोय. गाइडबाईंना देतो.”

आणि त्यांनी तो फोन दोन्ही हातांनी वैजूपुढे धरला.

वैजू उठून उभी राहिली. फोन घेताना तिचा हात चहाला लागून कप कलंडला, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. “नमस्कार. मी वैजयंती, वेरूळची गाइड,” ती म्हणाली. मग ऐकत राहिली. “उद्या? सोमवारी सकाळी?” तिनं दिलीपकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. “हो, मोकळी आहे. आठ वाजता गेटवर या. मी उभी असेन.”

फोन आप्पांना परत देत ती म्हणाली, “आप्पा, शाळेत दुपारून जाईन म्हणते. नाही म्हणून सांगायला.”

आप्पांनी फोन खिशात ठेवला, सांडलेल्या कपाकडे पाहिलं आणि टपरीवाल्याला म्हणाले, “अजून एक च्या दे रे. बाईंना.”